पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर

लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक ठराव केला. म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती परस्पर आईबापांच्या खात्यावर टाकायची. डिसेंबरपासून कपात सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत सात जणांचे पगार कापल्याच्या बातम्या राज्यभर छापून आल्या. तक्रारी झालेल्यांत गुरुजीही होते, त्यामुळे बातमीला जरा जास्तच चव आली. ठरावाचं कौतुक झालं ते योग्यच होतं, पण त्यातली मोलाची गोष्ट कौतुकाच्या भरात मागे पडली. म्हाताऱ्याला मुलाची पगारचिठ्ठी शोधून आणावी लागली नाही, वॉरंट घेऊन पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागले नाहीत. पैसा ज्याच्या हातून जात होता त्याने तो तिथेच अडवला. याच जिल्ह्यात, निलंग्याच्या कोर्टात, एखाद्या लेकराला बापाकडून पोटगी मंजूर होते आणि बाप ती देत नाही, तेव्हा मात्र सगळी वसुली लेकराच्या आईच्या गळ्यात पडते. बाप कुठे आहे, काय कमावतो, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तिने शोधायचं. अर्ज तिने करायचा, तारखांना तिने यायचं, वॉरंट बजावलं की नाही याची चौकशीही तिनेच करायची. माझं म्हणणं असं की पोटगीचा आदेश होईपर्यंतची लढाई दोन पक्षांची असेल, पण आदेशानंतरची वसुली हे सरकारचं काम आहे. आणि ते करायला लागणारी बहुतेक साधनं महसूल खात्याच्या हातात आजच आहेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, हे बायको, मुलं आणि आईवडील अशा तिघांच्या पोटगीची सोय करतं. मूल औरस की अनौरस हा प्रश्न तिथे येत नाही. मूल मुस्लिम असलं तरी फरक पडत नाही. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याने तलाकशुदा स्त्रीच्या हक्काबद्दल मोठा वाद उभा केला, पण त्याने मुलांचा हक्क कमी होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून प्रकरणात १९९७ मध्येच सांगून टाकलं. या कलमाचं चौथं उपकलम तर भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. बायको सबळ कारण नसताना नवऱ्याबरोबर राहायला नकार देत असेल, व्यभिचारात राहत असेल, किंवा दोघं राजीखुशीने वेगळे राहत असतील, तर तिला पोटगी मिळत नाही. मुलासाठी अशी एकही अट कायद्याने घातलेली नाही. ‘ती नांदायला येत नाही, मग पैसे कशाचे?’ हा जो सवाल सोयऱ्या-धायऱ्यांच्या बैठकीत हमखास ठेवला जातो, तो बायकोच्या पोटगीबाबत निदान ऐकून घ्यावा लागतो. लेकराच्या पोटगीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही पोटगीचा विषय निघाला की बोलणं नवरा-बायकोच्या भांडणावर जातं आणि लेकरू बाजूला राहतं. पुढच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. आई जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, ही सोय चांगली आहे; औराद शहाजानीच्या किंवा कासार शिरसीच्या बाईला त्यासाठी सासरच्या गावी जावं लागत नाही. केंद्रीय कायद्यातली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली, आणि अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा असंही त्याच दुरुस्तीने सांगितलं. हे ६० दिवस किती लांबतात याचं उदाहरण महाराष्ट्रानेच देशाला दिलं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात अर्ज झाला सप्टेंबर २०१३ मध्ये, अंतरिम पोटगीचा आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. अर्जाच्या वेळी तान्हं असलेलं मूल तोवर शाळेत जायला लागलं होतं. त्या निकालाने देशभरच्या कोर्टांना नियम घालून दिले: दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हावी, आणि थकबाकी दिवाणी हुकूमनाम्यासारखी जप्तीने वसूल करता यावी. नियम उत्तम आहेत. पण प्रतिज्ञापत्रात ‘शेतमजुरी, महिना ५ हजार’ एवढंच लिहिणाऱ्या बापाचं म्हणणं खोटं पाडायचं काम पुन्हा आईवरच येतं, आणि जप्तीचा अर्जही तिनेच करायचा असतो.

वसुलीची वाट जवळून पाहिली तर ती कुठे अडते ते कळतं. समजा, एका मुलीला महिना ३ हजार रुपये मंजूर झाले आणि बापाने २० महिने दमडी दिली नाही. थकबाकी झाली ६० हजार. कायदा म्हणतो, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी या कलमाचं वॉरंट निघेल. आईने वाट पाहिली, मध्यस्थांनी ‘दिवाळीला देतो म्हणालाय’ असं सांगितलं, तिचा बाप आजारी पडला, आणि अर्ज विसाव्या महिन्यात गेला, तर पहिल्या आठ महिन्यांचे २४ हजार या वाटेने हातचे गेले. उरलेल्या ३६ हजारांसाठी नोटीस निघते. ती ‘इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ अशा शेऱ्याने परत येते. इसम पुण्याला चाकणकडे कामाला गेलेला असतो आणि गावात सगळ्यांना ते ठाऊक असतं. मग पुन्हा नोटीस, मग वॉरंट. वॉरंट बजावायचं पोलिसांनी, आणि पोलिसांना जयंत्या, यात्रा, निवडणुका, बंदोबस्त यांतून सवड मिळेल तेव्हा. या प्रत्येक तारखेला आईची एक मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, वकिलाला काहीतरी द्यावं लागतं. ३ हजारांच्या पोटगीसाठी महिन्याला चार-पाचशे रुपये आणि एक रोज घालवणं किती दिवस परवडेल याचा हिशेब बापाच्या बाजूनेही केलेला असतो. थांबलं की ती थकते, एवढं त्याला पुरतं.

शेवटी बाप सापडला तर कोर्टाच्या हातात मोठं हत्यार म्हणजे कैद. कलमाचा क्रम आधी वसुलीचं वॉरंट आणि त्यातून जे फिटणार नाही त्यासाठी कैद असा आहे. व्यवहारात मात्र सगळ्यांची नजर कैदेवरच असते. शहादा खातून प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही कैद एका महिन्याच्या वर जाऊ शकत नाही, पुढे पुन्हा पैसे थकले तर पुन्हा अर्ज करावा. त्याच्या दहा वर्षं आधी, कुलदीप कौर प्रकरणात, याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं होतं की कैद भोगल्याने देणं फिटत नाही, ती फक्त पैसे काढून घेण्याची एक रीत आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की घोळ ध्यानात येतो. देणं कायम राहतं, पण वसुलीची ताकद महिन्याभरात संपते. ‘महिना बसून येतो, पैसे देत नाही’ म्हणणारा माणूस कायदा मोडत असला तरी कायद्याची मर्यादा नेमकी ओळखून असतो. शिवाय कैद ज्याला खरंच धाक घालते तो बहुधा रोजंदारीवरचा गरीब बाप असतो, आणि आत गेला की त्याची मजुरीही बंद होते. ज्याची दहा एकर बागायत वडिलांच्या नावावर आहे, तो वॉरंट आल्याबरोबर कोर्टात थोडे पैसे भरून पुढची तारीख घेतो.

आता दुसरी वाट पाहू. ती कायद्यात आहे आणि तिच्यावर गवत उगवलं आहे. पोटगीची थकबाकी ‘दंड वसूल करतात तशी’ वसूल करावी असं कलम १४४ म्हणतं. दंड कसा वसूल करायचा ते कलम ४६१ सांगतं, जुन्या संहितेत हे कलम ४२१ होतं. त्यात दोन मार्ग दिले आहेत. एक, कोर्टाने स्वतः जंगम मालमत्ता जप्त करून विकणं. दुसरा, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवणं, म्हणजे ती रक्कम जंगम किंवा स्थावर मालमत्तेतून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल होते हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये मागणीची नोटीस, जप्ती, लिलाव अशा सगळ्या पायऱ्या घालून दिलेल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदार, तहसीलदारांकडून मंडळ अधिकारी, तिथून तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. शेवटच्या टोकाला सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो. लिलावापर्यंत क्वचितच जावं लागतं, कारण बोजा असला की जमीन विकायला घेतली तर गिऱ्हाईक मागे सरतं आणि मे-जूनमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायला गेलं की बँकेचा साहेब आधी तोच रकाना वाचतो. भावकीच्या दहा बैठकांनी जे होत नाही ते या एका ओळीने होऊ शकतं.

सरकारला ही वाट चालता येत नाही असं कोणी म्हणू नये. उसाचं उदाहरण घ्या. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. आणि तरीही थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात, ज्याला सगळा ऊसपट्टा ‘आरआरसी’ म्हणतो. मग जिल्हाधिकारी कारखान्याच्या साखरेवर आणि मालमत्तेवर जातात. ही तरतूद दरवेळी वेगाने चालते असं नाही, पण शेतकऱ्याने कारखान्याच्या गोदामात किती पोती आहेत ते मोजून आणावं असं त्याला कोणी सांगत नाही. सहकारी पतसंस्थाही वसुली दाखला मिळवून कर्जदाराच्या मागे लागतात. वीजबिल थकलं तर व्याज लागतं. लेकराच्या पोटगीवर उशीर झाला म्हणून कलम १४४ एक रुपया व्याज लावत नाही, उलट वर्ष उलटलं की वॉरंटचा हक्कच काढून घेतं. थकवण्यात फायदा व्हावा असंच जणू आपण ठरवून ठेवलं आहे.

महसुली वाट जमिनीची झाली. चालू पैशाचं काय? तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात एक फार मोलाचं उपकलम पडून आहे. कलम २० चं सहावं उपकलम म्हणतं की नवऱ्याने पैसे दिले नाहीत, तर न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकाला किंवा त्याच्या ऋणकोला, म्हणजे जो त्याचं देणं लागतो त्याला, रक्कम थेट पीडितेला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतात. मालक म्हटलं की पगार डोळ्यांसमोर येतो. ऋणकोकडे कोणी फारसं पाहत नाही. पण निलंगा तालुक्यात शेतकऱ्याचे ऋणको कोण? त्याचा ऊस नेणारा कारखाना, त्याचं सोयाबीन घेणारा आडत्या, त्याचं दूध घेणारी डेअरी. अंबुलग्याच्या कारखान्याला असो की मांजरा पट्ट्यातल्या कुठल्या कारखान्याला असो, ऊस घालणाऱ्याचं नाव, गट नंबर, टनाचा आकडा आणि बँक खातं कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतं. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून घ्यायची रीत तर इथे पिढ्यांची आहे. त्याच बिलातून लेकराचे पैसे कापायला कागदावरच्या एका आदेशाव्यतिरिक्त नवीन काही लागत नाही. पगारदाराबाबत दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर पोटगीला इतर कर्जांपेक्षा वरचा मान देतं: साध्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांशाच्या आसपासचा भागच जप्त होतो, पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. पोटगी हे इतर देण्यांच्या रांगेतलं एक देणं नाही, हे कायद्याने इथे आधीच मान्य करून ठेवलं आहे.

पैसा लपवण्याच्या रीती अर्थात पुष्कळ आहेत आणि त्यांत सगळ्यात सोपी रीत वडिलोपार्जित जमिनीची. सातबारा आजोबांच्या नावावर, खाणारे सगळे, आणि कोर्टात मुलगा सांगतो, ‘माझ्या नावावर गुंठाही नाही.’ किंवा अर्ज झाल्यानंतर भावाच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवलं जातं आणि पंधरा-वीस दिवसांत फेरफारही होतो. पहिल्या रीतीला उत्तर आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत बापाचा हिस्सा जन्माने असतो, म्हणून नाव नसलं तरी उत्पन्न आहे असं धरून कोर्टाने रक्कम ठरवावी. आणि धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पोटगी द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात २०२२ मध्ये पुन्हा एकदा बजावलं आहे. दुसऱ्या रीतीसाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ आहे. जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क कोणाला असेल, तर ती जमीन फुकटात घेणाऱ्यावर किंवा हक्काची माहिती असूनही विकत घेणाऱ्यावर तो हक्क बजावता येतो. माहिती होती हे सिद्ध करणं आज अवघड जातं. अर्ज दाखल झाल्याबरोबर सातबाऱ्यावर त्याची नोंद झाली, तर ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायची सोयच उरत नाही. म्हाताऱ्यांसाठी २००७ च्या कायद्याने हे केलंच आहे: सांभाळण्याच्या अटीवर जमीन घेऊन न सांभाळणाऱ्याचं बक्षीसपत्र रद्द करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, आणि ते न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, निलंग्यातच बसणारे. आजोबाला दिलेलं संरक्षण नातवाला का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

कर्नाटकच्या सीमेचा प्रश्न इथे नुसता तोंडी लावण्यापुरता नाही. निलंग्याच्या सोयरिकी भालकी, बसवकल्याण, बिदरपर्यंत आहेत. आई महाराष्ट्रात आणि बापाची जमीन कर्नाटकात, ही नेहमीची गोष्ट. बाप जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना पोटगीचा आदेश बजावता येतो, आणि एका जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दुसऱ्या राज्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना वसुली प्रमाणपत्र पाठवायची सोय १८९० च्या महसूल वसुली कायद्यापासून आहे. इंग्रजांना शेतसारा बुडू द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी ती केली.

आता आक्षेपांकडे येऊ. मराठवाड्यात सगळ्यात जड आक्षेप हा की ज्या शेतकऱ्याच्या मागे बँक, सावकार आणि पाऊस आधीच लागले आहेत, त्याच्या मागे तुम्ही आणखी एक वसुली लावता. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकरी त्याच्या बऱ्याच खाली विकत होता. पण यातून निघतं ते एवढंच की रक्कम ऐपतीप्रमाणे ठरावी आणि हप्ता पिकाप्रमाणे पडावा. कोर्टाचा आदेश महिन्याचा असतो, शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही. तो सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे येतो आणि उसाचं बिल निघालं की उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. वर्षाची रक्कम या दोन हंगामांत विभागून घेतली तर निम्मी थकबाकी होणारच नाही. पीक बुडालं तर रक्कम कमी करून मागायची तरतूद कायद्यात आहे, कलम १४६. बापाने तिथे जावं. शेतीची अवजारं, बैल, बियाणं जप्तीतून सुटलेलीच आहेत. आणि एक गोष्ट विसरू नये: त्या लेकराची आईसुद्धा बहुधा याच दुष्काळी पट्ट्यातली असते. तिच्या बापाचं सोयाबीन काही वेगळ्या भावाने जात नाही, आणि नातवंडाचं सगळं तोच करतो आहे.

दुसरा आक्षेप: आई स्वतः कमावते. कमावत असेल तर तिनेही द्यावं, यात वाद नाही. पद्मजा शर्मा प्रकरणात २००० साली दोघंही नोकरदार असताना सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च बाप दोन हिस्से, आई एक हिस्सा असा वाटून दिला होता. ऐपतीच्या प्रमाणात वाटणी हे तत्त्व रास्त आहे. त्यातून एकाने सगळंच टाळावं असं काही निघत नाही. तिसरा आक्षेप बापांच्या तोंडी जास्त असतो आणि त्यात कधीकधी खरं दुःख असतं: मूल दाखवत नाहीत, मग पैसे का द्यायचे? मुलाला भेटण्याचा हक्क खरा आहे, त्यासाठी स्वतंत्र अर्ज आहे, आणि कोर्टांनी तो वेळेत निकाली काढायला हवा. पण भेट नाही म्हणून जेवण नाही, असा सौदा मोठ्या माणसांच्या भांडणात लेकराला ओलीस ठेवतो. आईनेही पैसे नाहीत म्हणून भेट नाही असं करू नये; कोर्टाने दोघांनाही हे एकाच आदेशात सांगावं. याच कारणाने लेकराची रक्कम बायकोच्या रकमेपासून वेगळी लिहिली जावी, वेगळी वसूल व्हावी, आणि लोकअदालतीत तडजोड होताना लेकराच्या थकबाकीला कोणी हात लावू नये. आज ‘एवढे घे आणि मिटव’ म्हणत आईच्या सहीने जे सोडून दिलं जातं, ते तिचं नसतं.

चौथा आक्षेप प्रशासनातल्या लोकांचा: तहसील कार्यालयावर आधीच पंचनामे, निवडणुका, दाखले, अनुदानं यांचं ओझं आहे. खरं आहे. पण यातली बरीच नोंद आता संगणकावर होते, सातबारा ऑनलाइन आहे, २०२१ पासून ई-पीक पाहणीने कोणत्या गटात कोणतं पीक उभं आहे हेही सरकारला कळतं. त्यात एका तालुक्यातली थकीत पोटगीची प्रकरणं कर्जांच्या बोजांपुढे मूठभर ठरतील. खरी अडचण वेगळी आहे. वसुली कितीही नीट केली तरी तिला वेळ लागणार, आणि लेकराची भूक हंगामाची वाट पाहत नाही. म्हणून आधी सरकारने द्यावं आणि मग बापाकडून काढून घ्यावं, हा मार्ग जर्मनीने १९८० पासून धरला. २०१७ मध्ये त्यांनी तो मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत वाढवला. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये वसुलीचं काम थेट प्राप्तिकर खात्याकडे दिलं. ब्रिटनने १९९३ मध्ये त्यासाठी नवं कोरं खातं उघडलं आणि चुकीच्या आकारण्या, बिघडलेली संगणक यंत्रणा, अब्जावधी पौंडांची थकबाकी यांत ते बुडालं. भाबडेपणा नको म्हणून हेही सांगायला हवं की जर्मनीतही सरकारने दिलेल्या पैशांतला थोडाच भाग बापांकडून परत येतो. तरी त्या देशाने योजना बंद केली नाही, कारण तोटा झाला तरी तो तिजोरीला होतो, ती सोसू शकते.

आपल्याकडे हे परवडणार नाही असं म्हणण्याआधी एक गंमत पाहावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्रतेच्या यादीत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रिया आहेतच. म्हणजे बाप देत नाही म्हणून सरकार महिना १,५०० रुपये आजही देतं, आणि बापाकडून वसूल करायचा विचारही करत नाही. त्याची जबाबदारी सगळ्या करदात्यांच्या अंगावर टाकून त्याला मोकळं सोडण्याची ही योजना आहे, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? २०२४ च्या उन्हाळ्यानंतर काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे पैसे पोचवणाऱ्या यंत्रणेला पैसे वाटता येत नाहीत असं नाही, घ्यायची वेळ येते तेव्हा ती डोळे मिटते. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, टाकलेल्या बायकांचे प्रश्न राज्यापुढे आले, रेशनकार्डापासून घरापर्यंत मागण्या झाल्या. त्या चळवळींमुळे सरकारी योजनांच्या अर्जात परित्यक्तेचा रकाना आला. पण तो रकाना तिला निराधार ठरवतो, तिच्या लेकराला कोणाकडून तरी येणं आहे हे मांडत नाही.

तेव्हा बदल कुठून सुरू करायचा? निम्म्याहून अधिक काम नव्या कायद्याशिवाय होण्यासारखं आहे. पोटगीचा आदेश होताच त्याची प्रत तहसीलदारांकडे जावी. बापाच्या किंवा त्याच्या एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर अर्जाची नोंद व्हावी. दोन हप्ते थकले की आईच्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने जिल्हाधिकाऱ्यांना कलम ४६१ चं वॉरंट पाठवावं. आणि महसूल विभागाने या वॉरंटांचा हिशेब शेतसाऱ्याच्या वसुलीच्या बैठकीत घ्यावा. उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक आणि महसूल खात्याचा एक शासन निर्णय याला पुरे. उरलेलं मात्र विधिमंडळातच व्हायला हवं: एक वर्षाची मुदत मुलांपुरती काढून टाकणं, थकबाकीवर व्याज लावणं, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली ऋणकोची तरतूद कलम १४४ मध्ये आणणं. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला हे स्वतःपुरतं करता येतं. महाराष्ट्राने ते एकदा केलेलंही आहे. केंद्राची मर्यादा ५०० रुपये असताना राज्याने १९९९ मध्ये कलम १२५ ला दुरुस्ती करून ती १,५०० वर नेली होती, केंद्राला जाग येण्याच्या दोन वर्षं आधी.